टेस्ला कॉइल बंद केल्यावरही शेजारच्या स्टीलच्या डब्याचा शॉक का बसतो?

तुमचा प्रश्न असा: प्रोजेक्टची टेस्ला कॉइल (हजारो व्होल्ट तयार करून ठिणग्या काढणारं यंत्र) चालू असताना हातातली, तार न जोडलेली ट्यूबलाइट पेटते, ते एक वेळ पटतं. पण कॉइल बंद करून मिनिटभराने टेबलावरच्या डब्याला बोट लावलं तरी टचकन शॉक बसतो. आउटपुट एसी, म्हणजे सतत दिशा उलटणारा करंट, मग चार्ज उरतोच कसा?

शंका रास्त आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्हिडिओवाले दोन्ही ‘स्टॅटिक’ म्हणून खपवतात.

ट्यूबचं सोपं आहे. कॉइलच्या वरचा गोळा आणि ट्यूब मिळून एक छोटा कपॅसिटर (चार्ज साठवणारी जोडी) होतो. फील्ड सेकंदाला लाखो वेळा उलटतं, त्यामुळे ट्यूबमधून करंट जातो आणि आतला वायू उजळतो. टेस्लाने १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्याख्यानात हेच दाखवलं होतं. कॉइल बंद, की ट्यूब बंद.

डब्याची भानगड कोरोनातली आहे (आजार नव्हे, कॉइलच्या टोकाशी दिसतो तो जांभळा उजेड). तिथे हवा फुटून इलेक्ट्रॉन आणि धन आयन सुटतात. कॉइल २०० किलोहर्ट्‌झची धरली तर अर्धी सायकल अडीच मायक्रोसेकंदांची. सेंटिमीटरला १० हजार व्होल्टच्या फील्डमध्ये धन आयन तेवढ्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकतो. इलेक्ट्रॉन मात्र शेकडो पट वेगाने पळतात, त्यातले बरेच वाटेत ऑक्सिजनला चिकटतात आणि परत येत नाहीत. म्हणजे दोन अर्ध्या सायकलींचा हिशेब जुळत नाही. हवाच गळक्या डायोडसारखी (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखी) वागते, आणि प्लास्टिकवर ठेवलेल्या डब्यावर एका चिन्हाचा चार्ज साठत जातो.

खात्री करायची तर पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून साधा निऑन टेस्टर (लाइन तपासायचा दिवावाला स्क्रूड्रायव्हर) आणा, आतला दिवा नीट दिसेल असा. चालू कॉइलपासून हातभर लांब धरलात तरी दिव्यातल्या दोन्ही पट्ट्या उजळतील. आता कॉइल बंद करा आणि मागच्या टोपीवर बोट ठेवून डब्याला लावा: एकच लुकलुक, तीही एकाच पट्टीवर. उजळते ती ऋण बाजूची. डब्याकडची उजळली तर डबा ऋण. खोलीत अंधार हवा, नाहीतर हुकतं. आणि हे डिसेंबर-जानेवारीत करा. जुलैत पुण्याच्या दमट हवेत टेबलही ओलसर असतं, चार्ज टिकत नाही.

डब्याचा शॉक घाबरण्यासारखा नाही. २० पिकोफॅरड, १० हजार व्होल्ट म्हणजे एक मिलिज्यूल. प्रायमरीचा (कॉइलच्या खालच्या, मोजक्या वेढ्यांच्या गुंडाळीचा) १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर तेवढ्याच व्होल्टला पाचशेपट ऊर्जा धरून बसतो, तीही स्विच बंद केल्यावर. त्यावर ब्लीडर रेझिस्टर (उरलेला चार्ज हळूहळू रिकामा करणारा) कायमचा लावा, हात घालण्याआधी इन्सुलेटेड दांड्याने शॉर्ट करा. ट्रान्सफॉर्मर चालू असताना तर जवळही जाऊ नका. सेकंडरीचं (उंच, बारीक तारेच्या गुंडाळीचं) खालचं टोक घरच्या अर्थिंगला नको, त्याला वेगळा रॉड ठोका.