वाचकांचे प्रश्न : बाळाच्या वाटीत काय असावे?

प्रश्न : दरवर्षी दिवाळीनंतर आमचे महिला मंडळ मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर कपडे आणि फराळ घेऊन जाते. तेथील मुलांचे काटकुळे हातपाय पाहून यंदा त्यांच्या पोषणासाठी काही करावे, असे आम्ही ठरवले आहे. बिस्किटांचे पुडे आणि तान्ह्या बाळांसाठी दुधाच्या पावडरीचे डबे न्यावेत का?
– एक भगिनी, मुलुंड

उत्तर : आपली तळमळ मोलाची आहे, पण या दोन्ही वस्तू कृपया नेऊ नका. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकली जाणारी पावडर आणि दुधाच्या बाटल्या वाटण्यास 1992 च्या कायद्याने मनाई आहे. अपवाद आहे तो अनाथालयांचा. शिवाय अशी पावडर जास्त दिवस पुरावी म्हणून पातळ केली जाते, पाणी उकळलेले असेलच असे नाही, आणि मग जुलाब सुरू झाले की बाळाच्या अंगी काहीच लागत नाही. बिस्किटांत मुख्यतः मैदा आणि साखर असते. त्यांनी भूक मरते, पोषण होत नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. ही खुंटलेली वाढ बहुतांशी पहिल्या दोन वर्षांतली असते, आणि त्यातही सहा महिन्यांनंतरचा काळ नाजूक असतो, कारण तेव्हा आईचे दूध हवेच असते, पण ते एकटे पुरत नाही. आठ किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम वाटीभर अन्न मावते. ती वाटी तांदळाच्या पातळ पेजेने भरली तर पोट टम्म होते आणि बाळ झोपीही जाते. घरच्यांना वाटते की ते जेवले, प्रत्यक्षात पोटात गेलेले असते ते बरेचसे पाणी. म्हणून माझा आग्रह असा की, नवे काही नेण्याआधी हीच वाटी घट्ट कशी होईल ते पाहावे.

त्यासाठी लागणारे बहुतेक जिन्नस पाड्यावरच असतात. नाचणी रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, सावलीत वाळवून अगदी हलकी भाजावी आणि दळावी. मोड आल्यामुळे पिठातील पिष्टाचे विघटन होऊ लागते, त्यामुळे जास्त पीठ घालूनही खीर चिकट गोळा होत नाही आणि बाळाला सहज गिळता येते. त्या वाटीत चमचाभर तेल घातले की सुमारे 45 कॅलरी वाढतात. मऊ भातात घट्ट वरण कालवावे, शेवग्याचा पाला बारीक चिरून शिजवावा, आणि खाणाऱ्यांच्या घरी सुकट निवडून, धुऊन, भाजून तिची पूड करावी. सुकटीत मीठ असते, म्हणून बाळाला चिमूटभरच द्यावी. असे खाणे सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा आणि पुढे तीन-चार वेळा मिळायला हवे. खरी अडचण इथेच आहे. आई सकाळीच कामावर जाते आणि बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते. दुपारची वाटी कोण भरवणार, हा प्रश्न कोणत्याही पाकिटाने सुटत नाही. म्हणून वाटप करण्याऐवजी अंगणवाडी सेविकेला भेटून काय कमी पडते ते विचारावे. मंडळाचा निधी मुलांच्या दंडाचा घेर मोजायच्या पट्ट्या, झाकणाची भांडी किंवा दळणाच्या सोयीवर खर्च झाला, तर तो वर्षभर उपयोगी पडेल. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून सात महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी द्यायची असतात. ती नियमित मिळतात का, हेही आपुलकीने विचारावे.

आणखी एक गोष्ट. आपण दिवाळीनंतर जाता, आणि नेमकी त्याच सुमारास अनेक कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघालेली असतात. सर्वांत कुपोषित मूल कदाचित आपल्याला पाड्यावर भेटतच नाही. ते मुलुंडपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर भट्टीवर असते. भट्टीजवळच्या अंगणवाडीत त्याचे नाव नोंदवून घेणे, हे मुंबईकरांनी अगत्याने करावे असे काम आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित समजून विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

प्रश्न : मी कामानिमित्त भांडुपला राहतो, पत्नी आणि दहा महिन्यांचा मुलगा संगमेश्वर तालुक्यात गावी असतात. डाळ आणि अंडे बाळाला जड जाईल, असे माझी आई म्हणते आणि चहात बुडवलेले बिस्किट भरवते. काय करावे?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला नीट उकडलेले अंडे कुस्करून देता येते, सुरुवात थोड्या पिवळ्या बलकाने करावी. शिजवून घोटलेली डाळही पचते. चहा मात्र बंद करावा, कारण त्यामुळे अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते, आणि या वयात लोहाची गरज मोठी असते. आशाताईंकडून लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा 1 मिली मिळते. ते चालू आहे का, ते विचारा. आईंना फोनवरून समजावण्यापेक्षा पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा त्यांच्याच हातून वरण-भात घट्ट कालवून घ्या आणि दर महिन्याचे वजन कार्डावर त्यांनाच दाखवा. सलग दोन महिने वजन वाढले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.