सोप सर्व्हिसमध्ये बेस क्लासच्या जागी सबक्लास पाठवला की त्याचे फील्ड का गळतात?

तुमच्या जावातील सोप सर्व्हिसची (एक्सएमएल संदेशांतून दोन प्रोग्रॅममध्ये देवाणघेवाण करणाऱ्या सेवेची) मेथड बेस क्लास परत करते, तुम्ही त्या जागी सबक्लासचा ऑब्जेक्ट देता, आणि क्लायंटच्या हाती कोणतीही एरर न येता फक्त बेस क्लासचे फील्ड लागतात. यावर ॲनोटेशन (कोडवर लावायची खूण) लावावे, की सगळ्या सबक्लासचे फील्ड एकाच क्लासमध्ये घेऊन वारसा (इनहेरिटन्स) काढूनच टाकावा, असे तुम्ही विचारले आहे. ॲनोटेशन लावावे. वारसा काढू नये. या दुसऱ्या पर्यायाचे नाव निघाले की मला गप्प राहवत नाही, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी तुमचे काम. बेस क्लासवर एक्सएमएल-सी-ऑल्सो हे ॲनोटेशन लावा आणि त्यात सगळ्या सबक्लासची नावे द्या. जावामध्ये क्लासला आपला पालक ठाऊक असतो, पण आपली मुले कोण हे ठाऊक नसते. त्यामुळे जॅक्सबी, म्हणजे जावाचे ऑब्जेक्ट एक्सएमएलमध्ये लिहिणारी लायब्ररी, मेथडच्या जाहीर प्रकारापासून वरच्या दिशेने आपोआप जाते, खालच्या दिशेने जात नाही. अनोळखी सबक्लासचा ऑब्जेक्ट समोर आला की ती त्याच्या पालकांमध्ये ओळखीचा क्लास शोधते, आणि तो सापडला की ऑब्जेक्ट त्या पालकाचाच आहे असे धरून लिहून मोकळी होते. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये हीच चूक झाली तर तेच काम करणारा एक्सएमएल-सिरियलायझर किंवा डेटाकॉन्ट्रॅक्ट-सिरियलायझर तिथल्या तिथे एक्सेप्शन टाकतो आणि एक्सएमएल-इन्क्लूड किंवा नोन-टाइप ही तिथली खूण लावायला भाग पाडतो. जॅक्सबी ओरडतच नाही, आणि माझ्या मते तिच्या रचनेतील हा सर्वांत घातक निर्णय आहे.

आमची सर्व्हिस विमा पॉलिसींची होती. पॉलिसी हा बेस क्लास, त्याखाली वाहन पॉलिसी, आरोग्य पॉलिसी आणि असेच काही. सर्व्हर जावाचा, क्लायंट डॉटनेटचा. वाहन पॉलिसी मागितली की क्लायंटकडे पॉलिसी क्रमांक, ग्राहकाचे नाव आणि मुदत येत असे. वाहनाचा नोंदणी क्रमांक आणि इंजिनाची क्षमता येत नसे. सर्व्हरच्या लॉगमध्ये ऑब्जेक्ट पूर्ण दिसत असल्यामुळे दोष क्लायंटचाच, असे बैठकीत ठरूनही गेले होते. मी प्रत्यक्ष जाणारा एक्सएमएल संदेश पकडून सर्वांसमोर उघडला. पॉलिसीचा टॅग सुरू होत होता, बेस क्लासचे फील्ड ओळीने येत होते आणि टॅग बंद होत होता. सुरुवातीच्या टॅगमध्ये एक्सएसआय:टाइप हा ॲट्रिब्यूट नव्हताच. ‘इथे जाहीर प्रकार पॉलिसी असला तरी हा मजकूर वाहन पॉलिसीचा आहे’ हे सांगण्याची सोय एक्सएमएल स्कीमाने (संदेशात कोणते प्रकार आणि फील्ड असावेत हे मांडण्याच्या मानकाने) याच ॲट्रिब्यूटमधून दिली आहे. तो नाही, म्हणजे माहिती सर्व्हरमधून बाहेर पडण्यापूर्वीच गळली होती. डब्ल्यूएसडीएल फाइल, म्हणजे सर्व्हिसचा लेखी करार, उघडली तर तिच्यात वाहन पॉलिसी हा प्रकारच नव्हता. ती फाइल जावाच्या कोडवरून आपोआप तयार झालेली होती. कोडला जे दिसले नाही ते करारात येणार कसे?

ॲनोटेशन लावल्यावर फील्ड येऊ लागले. काही काळाने सर्व्हर आणि क्लायंट यांच्या मध्ये संदेश तपासणारा एक सुरक्षा गेटवे आला आणि वाहन पॉलिसी पुन्हा अडू लागली. हा गेटवे संदेश नव्याने लिहिताना नेमस्पेसचे प्रीफिक्स (नाव कोणत्या गटातले हे सांगणारी, नावाआधीची छोटी खूण) बदलत होता. टॅगमधील प्रीफिक्स त्याने नीट बदलले, परंतु एक्सएसआय:टाइपच्या अवतरणचिन्हांतील मूल्यात जुना प्रीफिक्स तसाच राहिला, कारण स्कीमा न वाचणाऱ्या साधनाला ते मूल्य म्हणजे निव्वळ अक्षरे वाटतात. परिणामी संदेशात कुठेही जाहीर न केलेल्या प्रीफिक्सचा प्रकार क्लायंटसमोर आला आणि त्याला तो ओळखता आला नाही. ही अडचण मानकांच्या जगाला नवी नाही. डिजिटल सहीसाठी २००२ मध्ये आलेल्या एक्सक्लुझिव्ह कॅनॉनिकलायझेशनच्या (एक्सएमएल एका ठरावीक रूपात लिहिण्याच्या) शिफारशीत असे मूल्यात दडलेले प्रीफिक्स वेगळ्या यादीत नोंदवण्याची तरतूद आहे. आमच्या गेटवेला प्रीफिक्सना हात न लावण्याची सूचना सेटिंगमध्ये देता येत होती. ती दिल्यावर अडथळा दूर झाला.

वाद पेटला तो या दुसऱ्या प्रसंगानंतर. आमच्या तेव्हाच्या तंत्रप्रमुखांनी ‘सोपला वारसा झेपत नाही’ असा निकाल दिला आणि सगळे फील्ड एकाच सपाट क्लासमध्ये घेऊन ‘प्रकार’ नावाची एक स्ट्रिंग ठेवा, असे सांगितले. मला हे तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. हा समज आला कुठून हे कळते. सोप १.१ ची टिपणी २००० सालची आहे आणि एक्सएमएल स्कीमा ही शिफारस म्हणून मान्य झाली २००१ मध्ये. तोवर सोपने ऑब्जेक्ट एक्सएमएलमध्ये लिहिण्याची स्वतःची एन्कोडिंग पद्धत वापरात आणली होती आणि प्रत्येक सॉफ्टवेअर संच तिचा अर्थ आपापल्या परीने लावत होता. त्या काळात ज्यांचे हात पोळले, त्यांनी वारशाची धास्ती घेतली. पण २००४ च्या डब्ल्यूएस-आय बेसिक प्रोफाइलने (वेगवेगळ्या संचांचे आपसात जुळावे म्हणून केलेल्या नियमावलीने) ती एन्कोडिंग पद्धत बाद केली, आणि आज आपण जो डॉक्युमेंट-लिटरल (थेट स्कीमानुसार लिहिलेला) संदेश पाठवतो त्याला वारशाचे नियम थेट स्कीमातून मिळतात. एक्स्टेन्शन (बेस प्रकारात भर घालणे), ॲबस्ट्रॅक्ट (थेट वापरता न येणारा प्रकार), सबस्टिट्यूशन ग्रुप (एका टॅगच्या जागी दुसरा टॅग चालवणे) हे सगळे त्या स्कीमात पहिल्यापासून आहे.

सपाट क्लासने काय होते ते पाहा. वाहनाचा नोंदणी क्रमांक वाहन पॉलिसीत अनिवार्य आहे, आरोग्य पॉलिसीत तो असूच नये. दोन्ही एकाच प्रकारात घेतल्या की सबक्लासचा प्रत्येक फील्ड ऐच्छिक करावा लागतो, आणि ‘प्रकार वाहन असेल तर नोंदणी क्रमांक हवाच’ ही अट एक्सएमएल स्कीमा १.० मध्ये लिहिताच येत नाही. ती लिहिण्याची सोय २०१२ च्या स्कीमा १.१ मध्ये आली, पण सोपचे नेहमीचे संच १.० वरच चालतात. म्हणजे करारात जी अट यंत्राने तपासली असती, ती आता प्रत्येक क्लायंटने कागदपत्र वाचून स्वतः पाळायची. दोष वारशाचा नव्हता. कोडवरून करार निघू देण्याचा होता. स्कीमा आधी लिहिला असता, वाहन पॉलिसी हा प्रकार पॉलिसीचे एक्स्टेन्शन म्हणून त्यात मांडला असता आणि त्यावरून जावाचे क्लास तयार करून घेतले असते, तर तयार झालेल्या बेस क्लासवर ते ॲनोटेशन साधनाने स्वतःच लावले असते. डॉटनेटची साधनेही त्याच डब्ल्यूएसडीएलवरून आपल्या खुणा (एक्सएमएल-इन्क्लूड किंवा नोन-टाइप) लावून देतात. तुम्हाला शक्य असेल तर हाच मार्ग धरा. सबक्लासचे प्रकार वेगळ्या स्कीमा फाइलमध्ये असतील तर ती फाइल डब्ल्यूएसडीएलमध्ये इम्पोर्ट झाली आहे ना, एवढे पाहा.

त्याच वेळी स्कीमात बेस प्रकार ॲबस्ट्रॅक्ट करा आणि सर्व्हरवर स्कीमा तपासणी चालू करा, कारण जावाच्या नेहमीच्या संचांत ती मुळात बंद असते. बेस प्रकार ॲबस्ट्रॅक्ट असताना एक्सएसआय:टाइप नसलेला संदेश अवैध ठरतो, म्हणजे जॅक्सबीची चुप्पी तपासणी मोडून काढते.

आता काही मर्यादा. क्लायंट पीएचपीचे असतील तर पाठवताना पीएचपीच्या सोपव्हार या क्लासमध्ये प्रकाराचे नाव आणि नेमस्पेस हाताने द्यावे लागते. साध्या ॲरेतून एक्सएसआय:टाइप जाईल या भरवशावर राहू नका. मधला गेटवे तुमच्या ताब्यात नसेल आणि प्रीफिक्स बदलत असेल, तर सबस्टिट्यूशन ग्रुप घ्या. तिथे प्रकार टॅगच्या नावावरूनच कळतो, मात्र जावाचा तयार होणारा कोड बोजड होतो. प्रकार मोजकेच आणि कायमचे ठरलेले असतील तर चॉइससुद्धा (दिलेल्या टॅगपैकी एकच येऊ देणारी स्कीमातील रचना) चालेल, पण डेटाकॉन्ट्रॅक्ट-सिरियलायझरला तो चालत नाही.

उद्या नवा सबक्लास आला तर जुन्या क्लायंटला तो ओळखता येणार नाही, ही अडचण खरी आहे आणि त्यासाठी कराराची नवी आवृत्ती काढावी लागते. तंत्रप्रमुखांनी हाच मुद्दा शेवटचा म्हणून मांडला होता. पण सपाट क्लासने ती अडचण मिटत नाही, झाकली जाते: ‘प्रकार’ या स्ट्रिंगमध्ये अनोळखी शब्द आला तरी जुना क्लायंट उरलेले फील्ड वाचून पुढे जातो आणि चुकीच्या पॉलिसीवर हिशेब करतो. बेस प्रकार ॲबस्ट्रॅक्ट असेल तर डॉटनेटचा क्लायंट आणि जॅक्सबीचा क्लायंट दोघेही संदेश वाचतानाच थांबतात, आणि विम्याच्या हिशेबात मला तेच हवे आहे.