घरच्या रेकॉर्डिंगसाठी पीसी घेताना पैसे कुठे घालावेत

ताई, कोटेशन टाकलंत ते बरं केलंत. कळव्याच्या घरात स्वतःचं गाणं, हार्मोनियम आणि तबला रेकॉर्ड करायचा आहे, बजेट ५० हजार, आणि दुकानदाराने त्यातला मोठा भाग आय७ प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डात घातलाय. ते कार्ड आधी काढायला सांगा. गाण्याच्या रेकॉर्डिंगला त्याचा उपयोग नाही, वर त्याच्या पंख्यांचा आवाज माइकमध्ये येतो तो वेगळाच.

प्रोसेसर रायझन ५ ५६००जी किंवा आय५ १२४०० घ्या. दोन्हीत सहा कोअर आहेत आणि ग्राफिक्स आतच आहे. फक्त १२४००एफ गळ्यात मारत नाहीत ना, ते बघा. त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्ड पुन्हा आलंच. रॅम १६ जीबी, पण ८-८च्या दोन स्टिक. एसएसडी ५०० जीबीची पुरते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या दर्जावर एक मोनो ट्रॅक, म्हणजे एका माइकचं रेकॉर्डिंग, मिनिटाला साधारण ८.६ एमबी खातो, म्हणजे दहा ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं ४३० एमबीच्या आसपास. जुनी फिरती हार्ड डिस्क बॅकअपला ठेवा, पण कॅबिनेटच्या बाहेर. तिची घरघर रेकॉर्ड होते.

आता कोटेशनमध्ये नसलेली गोष्ट, ती म्हणजे अर्थिंग. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत मी भाच्याचा यमन रेकॉर्ड केला, तेव्हा खाली एक बारीक गुणगुण सतत येत होती. तानपुरा चालू असताना ती लपायची, आणि तानपुरा दोन आलापांमध्ये थांबला की उघडी पडायची. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ही गुणगुण त्याच पट्टीत होती. केबल बदलली, इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरला देणारी पेटी) बदलला, पैसे गेले, गुणगुण तिथेच. शेवटी वायरमनने भिंतीतला बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी तार स्क्रूला न लावता गुंडाळून आत खुपसलेली होती. ती जोडली आणि दहा मिनिटांत आवाज गेला. कुणी तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढायला सांगेल, त्याने गुणगुण थांबतेही कधी कधी, पण शॉक बसू शकतो. ते अजिबात करू नका. पीएसयू, म्हणजे पीसीला वीज देणारा पॉवर सप्लायसुद्धा नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (कमी वीज वाया घालवण्याचा शिक्का) असलेला घ्या. कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो तो नको.

वाचलेले पैसे इंटरफेस आणि माइकमध्ये घाला. बेहरिंगरचा यूएमसी२०२एचडी किंवा फोकसराइटचा स्कार्लेट २आय२, दोन्हीला दोन माइक जोडता येतात आणि कंडेन्सर प्रकारच्या माइकला लागणारे ४८ व्होल्ट मिळतात. कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि रेकॉर्ड करताना बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी उचलतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा ठेवा. ४८ किलोहर्ट्झवर एका बफरचा उशीर २.७ मिलिसेकंद होतो. जाता-येता आणि इंटरफेसचा स्वतःचा वेळ धरून तो वाढतो, तरी तबलजी ठेक्यात राहतो. चटचट आवाज आले तर २५६ करा आणि वायफाय बंद करून बघा, बऱ्याचदा दोष त्याच्या ड्रायव्हरचा असतो. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर सुरू केलंत तर स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता थेट कानात येतो. गाणाऱ्याला याचा फार आधार वाटतो. इंटरफेस मदरबोर्डच्या मागच्या यूएसबीलाच जोडा.

खरेदीला शक्य तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. तीन-चार दुकानांत भाव विचारा, जीएसटीचं बिल घ्या आणि कॅबिनेट तिथेच चालू करून पंख्याला कान लावा.

घरी कॅबिनेट टेबलाखाली, आणि कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त, मागचा कमी घेणाऱ्या) माइकची पाठ त्याच्याकडे. छताचा पंखा बंद. तुमच्या मागे दोन गोधड्या टांगा, भिंतीवरून परत येणारा आवाज बराच कमी होतो. घर रुळांजवळ असेल तर लोकलच्या मधल्या वेळात छोटे छोटे टेक घ्या.

पण काहीही विकत घेण्याआधी ज्या प्लगवर हे सगळं लावणार आहात, त्याची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि काय निघालं ते इथे लिहा. माइक कुठला घ्यायचा ते त्यानंतर बोलू, तुमच्या आवाजाची पट्टीही तेव्हा सांगा.