१९६८ची जीटीओ विकताय ना? मग इंजिनाची गोष्ट पहिल्या ओळीत लिहा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. न्यू जर्सीत घरच्या गॅरेजमध्ये सात वर्षं खपून तुम्ही १९६८ची पाँटिॲक जीटीओ ही जुनी अमेरिकन गाडी उभी केलीत. पावत्यांची बेरीज ८१,००० डॉलर झाली, आणि आता मुलीच्या कॉलेजसाठी गाडी विकायची आहे. ९५,००० मागावेत का, लिलावात द्यावी की स्वतः विकावी, असं विचारलंत. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य ओतीव धड, मूळचा नाही हे आपणहून सांगावं की कुणी विचारलं तरच, असंही विचारलंत. माझ्या मते सगळा व्यवहार या शेवटच्या प्रश्नावर उभा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

सांगा. जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत सांगा.

मी पिंपरीत नोकरीची सुरुवात करून मिशिगनला आलो आणि इथल्याच गाड्यांच्या नादाला लागलो. बावीस वर्षांत पाच जुन्या गाड्या उघडून, जोडून विकल्या. त्यातल्या दोन जीटीओ होत्या. त्यामुळे हे बोलणं ऐकीव नाही.

तुम्ही टाकलेल्या फोटोत ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, पॅसेंजरच्या बाजूला, टायमिंग कव्हरशेजारी ठोकलेला आकडा दिसतोय. तो '२९पी'ने सुरू होतो. २ म्हणजे पाँटिॲक कंपनी, ९ म्हणजे १९६९चं मॉडेल, पी म्हणजे मिशिगनमधल्या पाँटिॲक गावचा कारखाना आणि पुढे त्या गाडीचा क्रमांक. तुमच्या गाडीशी जुळणारा आकडा '२८पी'ने सुरू झाला असता. तुम्ही चांगलंच इंजिन बसवलंय, ४०० घनइंचांचंच आहे, पण ते दुसऱ्या एका गाडीतून आलंय आणि ते स्वतःच तसं सांगतंय. जाणकार गिऱ्हाईक टॉर्च घेऊन वाकेल आणि मिनिटाभरात वाचेल. तुम्ही आधी बोलला नसाल, तर त्यानंतर तुमच्या पत्र्याच्या कामावर, मायलेजवर, पावत्यांवरही त्याचा विश्वास बसणार नाही. आधी सांगितलं असेल तर तोच माणूस मान हलवून पुढे ब्रेक बघायला जाईल.

'जुना आकडा घासून नवा ठोकून देतो' असं सांगणारे तुम्हाला भेटतील. कदाचित भेटलेही असतील. त्यांना दारात उभं करू नका. २००९ साली मी स्वतः अशी गाडी घेतली होती. विकणारा अतिशय गोड बोलणारा, गाडी चकचकीत, मी उत्साहात. घरी आणून ब्लॉक धुतला, तेव्हा अंकांभोवतीची जागा आजूबाजूच्या खरबरीत ओतकामापेक्षा गुळगुळीत लागली. बोट फिरवलं की कळत होतं. मग मागे डिस्ट्रिब्यूटरजवळचा (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) ओतकामाच्या तारखेचा कोड पाहिला. महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक अशी ती तारीख असते. माझ्या ब्लॉकची तारीख गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरची निघाली! इंजिन गाडीच्या नंतर जन्माला आलेलं. त्या गाडीत माझे नऊ हजार डॉलर बुडाले, त्याचं दुःख मी विसरलो. त्या माणसाबरोबर बसून प्यायलेली कॉफी मात्र अजून आठवते आणि वाईट वाटतं. तुमच्या गाडीच्या पुढच्या मालकाला असं वाटू नये.

आता तुमच्या जमेच्या बाजूला काय आहे ते बघा, कारण ते तुम्ही प्रश्नात नीट मांडलेलंच नाही. तुमच्या गाडीचा कारखान्याचा ओळख नंबर (व्हीआयएन) २४२ने सुरू होतो. १९६८च्या पाँटिॲकमध्ये २४२ म्हणजे जीटीओ. त्याच वर्षीची ल मान्स, म्हणजे पाँटिॲकचीच साधी गाडी, २३७ने सुरू होते, आणि ल मान्सला जीटीओचं नाक, बॅज आणि चाकं लावून 'जीटीओ' म्हणून विकलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत. १९६४ आणि ६५ला जीटीओ हा नुसता वाढीव पर्याय होता, त्यामुळे त्या वर्षांच्या गाड्यांत नंबरावरून काहीच कळत नाही. तुमच्याकडे मात्र पुढच्या काचेतून दिसणाऱ्या नंबराच्या पट्टीवरच पुरावा आहे. तो जाहिरातीत ठळक घ्या. ती पट्टी आणि तिचे फुलासारखे रिव्हेट यांचा जवळून फोटो द्या. रंगकामाच्या वेळी ते कुणी हलवले नाहीत ना, हे आधी बघून घ्या. नंबराच्या पट्टीशी छेडछाड हा इथे फेडरल गुन्हा आहे.

आणि पीएचएसचे, म्हणजे पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसचे, कागद मागवलेत का? नसतील तर आजच मागवा. पाँटिॲक कंपनी २०१०मध्ये संपली, पण कारखान्याच्या जुन्या बिलांच्या नोंदी पीएचएसकडे आहेत. तुमचा नंबर दिला की गाडी कुठल्या डीलरकडे गेली, कोणता रंग, कोणता गिअरबॉक्स, कोणते पर्याय घेतले होते हे त्यांच्या प्रतीत येतं. तुम्ही म्हणता व्हर्डोरो हिरवा हा मूळ रंग आणि चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स मूळचा. हे तुम्ही म्हणणं वेगळं आणि कारखान्याच्या बिलावर असणं वेगळं. इंजिन बदललेल्या गाडीला बाकी सगळं कागदावर जुळणं फार मोलाचं असतं.

आता किमतीचं. मनाला लागेल, पण तुम्ही मोकळेपणाने विचारलंत म्हणून मीही मोकळेपणाने सांगतो: ९५,००० येणार नाहीत. तुमच्या वर्णनावरून मी ५० ते ५८ हजार धरेन, आणि वरचा आकडा फाईल उत्तम असेल तरच. बाजार पावत्यांची बेरीज बघत नाही, तुमच्या रविवारांची तर नाहीच नाही. तो बघतो की अशा किती गाड्या आहेत आणि त्यात ही कुठे बसते. १९६८ला ८७,६८४ जीटीओ बनल्या. म्हणजे ती दुर्मिळ नव्हतीच, आणि हीच खरी तर तिची गोष्ट आहे. १९६४ला मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असा जनरल मोटर्सचा नियम होता. पाँटिॲकचे इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या माणसांनी ३८९चं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन 'पर्याय' म्हणून देऊन तो चुकवला. साध्या नोकरदार पोराला हप्त्यावर परवडणारी वेगवान गाडी मिळाली, तिथून मसल कारचा जमाना सुरू झाला असं बहुतेक लोक मानतात. फार मोठे पैसे येतात ते रॅम एअर या जास्त ताकदीच्या इंजिनवाल्या, मूळ ब्लॉक शाबूत असलेल्या गाड्यांना. तुमची ३५० हॉर्सपॉवरची नेहमीची जीटीओ आहे. किंमत ठरवताना लोकांनी मागितलेले आकडे बघू नका, गाड्या प्रत्यक्षात कितीला गेल्या ते बघा. जुन्या गाड्यांचा विमा आणि किमती बघणारी हॅगर्टी कंपनी गाडीच्या स्थितीला एक (सर्वोत्तम) ते चार असे क्रमांक देते. तुमची गाडी 'दोन' आहे असं तुम्हाला वाटतं, पण एखाद्या परक्या जाणकाराला दाखवा. आपलं लेकरू आपल्याला नेहमी एक क्रमांक वरच दिसतं.

मी माझी १९६९ची विकली तेव्हा ५८,००० घातले होते आणि ४६,५०० आले. त्या विक्रीतला एक प्रसंग सांगतो. या गाड्यांचं नाक एन्ड्युराचं, म्हणजे लवचिक, गाडीच्याच रंगात रंगवलेलं. १९६८ला ते नवीन होतं आणि लोक त्यावर खूश होते. पण रंग कडक आणि खालचा माल मऊ, त्यामुळे वर्षांनी केसासारख्या चिरा येतात. माझ्या नाकावर डाव्या दिव्याखाली दीड इंचाची एक चीर होती. मी तिच्याशेजारी पंचवीस सेंटचं नाणं धरून फोटो काढला आणि जाहिरातीत तिसराच फोटो म्हणून लावला. ओहायोहून सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आले. सरळ नाकाशी गेले, चष्मा कपाळावर सरकवला, खिशातून नाणं काढून त्या चिरेशेजारी धरलं आणि म्हणाले, फोटोत होती तेवढीच आहे. मग जमिनीवर चटई टाकून अर्धा तास गाडीखाली पडून राहिले. उठल्यावर घासाघीस केली ती फक्त ५०० डॉलरची. डिकीचं कार्पेट उचललं तेव्हा खाली खंडेनवमीच्या पूजेतली झेंडूची वाळकी पाकळी निघाली. मी झाडू आणायला गेलो तर म्हणाले, राहू द्या.

तेव्हा असं करा. तुमची सगळी चूक-कमी आधी तुम्हीच फोटोत दाखवा. गाडीचे दीडशे फोटो काढा, त्यातले पन्नास खालून आणि आतून. मागच्या चाकामागचा पत्रा, मागच्या काचेखालची पट्टी, डिकीचा तळ आणि फ्रेमचा मागचा भाग, या गाड्या गंजतात त्या इथेच. तुम्ही कुठे नवा पत्रा जोडलात आणि कुठे पुट्टी आहे ते लिहा. गिऱ्हाईक रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणणारच आहे. कामाच्या वेळचे फोटो, उघडा नागडा पत्रा, गंज, वेल्डिंग, हे तर सोन्यासारखे आहेत. ते तारखेने लावा, पावत्यांच्या झेरॉक्स जोडा. जाड फाईल झाली पाहिजे.

गार इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ न तोडता काढा. हात बॉनेटखाली घालून इंजिन गार आहे हे दाखवा, पेडल एकदा दाबा, किल्ली फिरवा. क्वाड्राजेट कार्ब्युरेटर नीट लावलेला असेल तर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात धरते. डावा दिवा उशिरा उघडतो असं तुम्ही लिहिलंय. दिव्यांवरची ती झाकणं इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतात, त्यामुळे बहुधा एखादी नळी कडक होऊन गळत असेल. थोडक्या पैशांचं काम आहे, विकण्याआधी करूनच टाका. अर्धवट उघडा डोळा घेऊन उभी असलेली गाडी कुणालाही आजारी वाटते.

कुठे विकायची? जानेवारीतल्या स्कॉट्सडेलच्या बॅरेट-जॅक्सनचं किंवा किसिमीच्या मेकमचं, या मोठ्या लिलावांचं आकर्षण मला कळतं. पण तुमची गाडी तिथे नेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बंद ट्रकने तिथवर पाठवायचा खर्च, प्रवेश फी, वर कमिशन. बॅरेट-जॅक्सनमध्ये बहुतेक गाड्या किमान किमतीशिवाय लावतात, म्हणजे त्या दुपारी बोली लावणाऱ्यांत उत्साह नसेल तर जो आकडा येईल तो घ्यायचा. मंचावर गाडीला मिळतात दोन-चार मिनिटं, तिथे तुमची फाईल कोण वाचणार? ब्लॉक बदललेली पण प्रामाणिकपणे केलेली गाडी समजून घ्यायला वेळ लागतो. ब्रिंग अ ट्रेलरसारख्या ऑनलाइन लिलावात लोक आठवडाभर फोटो बघतात आणि खोदून प्रश्न विचारतात. तिथे किमान किंमत ठेवून लावा, आणि त्या आठवड्यात रजा काढा. प्रश्नाला तासाभरात उत्तर आलं की बोली चढते, दोन दिवस गेले की लोक समजतात काहीतरी लपवलंय. मार्च-एप्रिल बरे, रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलेलं असतं आणि लोकांच्या हाताला खाज सुटलेली असते.

पैशांच्या बाबतीत कुणावर भरवसा नको. कॅशियर्स चेक खोटे निघतात, म्हणून सौदा गिऱ्हाईकाच्या बँकेत, तुमच्या डोळ्यांदेखत चेक काढून घेऊन करा, किंवा वायर करून घ्या आणि तुमच्या बँकेला स्वतः फोन करून पैसे जमा झाल्याची खात्री करा. 'जास्तीचा चेक पाठवतो, उरलेले ट्रकवाल्याला द्या' असं कुणी म्हटलं की फोन ठेवा. बयाणा घेतलात तर तो परत द्यायचा की नाही हे आधी लिहून घ्या. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, तुमच्यासोबत वहिनींचंही नाव असेल तर दोघांच्या सह्या लागतील का, ते आत्ताच बघा. ओडोमीटर पाच आकडी आहे, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य, त्यामुळे खरं मायलेज माहीत नाही असंच लिहा. 'जशी आहे तशी' विक्री लिहून घ्या, पण त्या शब्दांनी खोटं विधान झाकलं जात नाही. नफा झाला असता तर कर लागला असता. तुम्हाला तोटा होणार आहे आणि स्वतःच्या वापरातल्या गाडीचा तोटा करात वजा मिळत नाही. तरी पावत्या जपा, विक्रीची नोंद कर खात्याकडे गेली तर त्याच दाखवायच्या आहेत. गाडी ट्रकवर चढली की नंबर प्लेट काढून घ्या, एमव्हीसीला (न्यू जर्सीच्या वाहन खात्याला) परत करा, आणि मगच विमा बंद करा.

डिस्ट्रिब्यूटरजवळच्या तारखेच्या कोडचा आणि नंबराच्या पट्टीचा फोटो इथे टाका. जाहिरातीचा मजकूर लिहिलात की तोही टाका, मी ओळ न् ओळ वाचून देईन.