काका, एससीएसएस मोडू नका, पण बद्रीनाथला जाऊन याच

काका, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन घेऊन. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. काका ६९ चे, काकू ६५ च्या (बीपी आहे, गुडघे दुखतात), सांगलीला असतात, काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले. पेन्शन ३४,०००, ती घरखर्च आणि औषधांतच संपते. पोस्टात एससीएसएसमध्ये (ज्येष्ठ नागरिक बचत योजना) १५ लाख, १४ महिन्यांपूर्वी ठेवलेले, बँकेत ६ लाखांची एफडी आणि दोघांत मिळून ३ लाखांचा मेडिक्लेम. टूरवाला देहरादूनहून हेलिकॉप्टरने चारधाम (यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ) करवतोय, ५ रात्री ६ दिवस, दोघांचे ४,६०,०००, त्यातले निम्मे आत्ताच भरायचे आणि ते परत मिळणार नाहीत. मुलगा म्हणतो या वयात कशाला, मुलगी म्हणते ईएमआयवर जा. आणि काका विचारतात, एफडी मोडू की एससीएसएस?

काका, माझं उत्तर असं आहे की दोन्ही मोडू नका, ईएमआय तर अजिबात नको, आणि जायचं मात्र नक्की. मुलाला वाटणारी काळजी खरी आहे पण घरी बसून गुडघे काही बरे होत नाहीत.

आधी एससीएसएसचं बघू. त्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, खातं बंद करायचं तर पूर्ण बंद करावं लागतं. तुमचं एक वर्ष झालंय, दोन झाली नाहीत, म्हणजे मुद्दलातून दीड टक्का कापणार, १५ लाखांवर सरळ २२,५०० गेले. वर ८.२ टक्क्यांचं लॉक झालेलं व्याज गेलं ते वेगळंच. एफडी मोडली तर दंड कमी बसेल हो, पण ते ६ लाख म्हणजे तुमच्या घरात अडीअडचणीला असलेला एकमेव पैसा आहे. ३ लाखांच्या मेडिक्लेममध्ये मोठं ऑपरेशन बसेलच असं नाही, वरचे कुठून आणणार? त्याला हात लावू नका.

आता पैसे आहेत कुठे ते सांगतो, आणि ते तुमच्याच पत्रात आहेत. तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की पोस्टाच्या सेव्हिंगला १,३८,००० "पडून आहेत". काका, ते एससीएसएसचं व्याज आहे, दर तिमाहीला ३०,७५० येतात आणि तुम्ही ते काढतच नाही. जुलैचा हप्ता धरला की १,६८,७५० होतात. (एप्रिल सुरू आहे, टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म, पूर्वीचा १५एच, भरून दिलात ना? नसेल तर आधी तो द्या, नाहीतर उगीच टीडीएस कापला जाईल.) ही यात्रा या व्याजातूनच करायची, मुद्दल एक रुपयाने हलवायचं नाही.

पण मग ४,६०,००० कसे बसणार? नाही बसणार, आणि बसवायचेही नाहीत. तुमचं एक वाक्य मी अधोरेखित केलंय, "हिला वीस वर्षांपासून केदार-बद्री करायचंय." काकूंनी चार धाम म्हटलेलंच नाही, चार धाम टूरवाल्याचे आहेत! यमुनोत्रीला जानकीचट्टीपासून पाच-सहा किलोमीटर चढ आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाने तिथे जायचंच कशाला? बद्रीनाथला गाडी देवळाच्या जवळपास जाते.

आणि महाग म्हणजे सेफ हे डोक्यातून काढा. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे, बद्रीनाथ ३,१०० च्या वर. पायी किंवा गाडीने टप्प्याटप्प्याने चढलं तर शरीराला त्या विरळ हवेची सवय व्हायला वेळ मिळतो, हेलिकॉप्टर काही मिनिटांत उचलून वर ठेवतं. माझी मावशी, तेव्हा ६६ ची, अशाच सहा दिवसांच्या टूरला गेली होती. केदारनाथला उतरली तेव्हा ठीक होती, पाऊण तासाने देवळाजवळच्या पायरीवर बसली ती उठेचना, हातातला चहाचा कप हिंदकळून शालीवर सांडला तरी तिला कळलं नाही, ओठ निळे पडलेले. खाली आणल्यावर सावरली, पण गाइड सगळा वेळ एकच सांगत होता की उद्या पहाटे पुढचं उड्डाण आहे, थांबता येणार नाही. त्या पॅकेजमध्ये एक दिवस जास्त थांबायची सोयच नव्हती. मला सगळ्यात जास्त भीती या गोष्टीची वाटते. शिवाय तिथली हवा क्षणात फिरते. आणि २०२५ मध्ये ८ मेला गंगोत्रीच्या वाटेवर आणि १५ जूनला गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर कोसळून ६ आणि ७ माणसं गेली. घाबरवायला सांगत नाहीये, पण सहा दिवसांत चार वेळा उडायचं की एकदाच, याचा विचार करा.

म्हणून माझा हिशोब असा. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरा, पाऊस ओसरलेला असतो, दरडींची भीती कमी, मे-जूनची गर्दी नसते. सांगलीहून गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीन, सेकंड एसी, बुकिंग ६० दिवस आधी उघडतं त्या दिवशीच काढा आणि सीनियर सिटिझन कोटा निवडा म्हणजे लोअर बर्थ मिळायची शक्यता वाढते (तिकिटातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरू नका). दिल्लीत एक रात्र आराम, मग हरिद्वार, तिथून ड्रायव्हरसकट गाडी ९ दिवस. येताना दिल्ली-पुणे विमान. अंदाजे गाडीचे ५०,०००, दहा रात्रींच्या हॉटेलचे ४०,०००, रेल्वे आणि विमान २५,०००, केदारनाथच्या एका हेलिकॉप्टर फेरीचे दोघांचे २५,०००, खाणंपिणं १५,००० आणि ३०,००० नुसते राखीव, कुठेही बरं वाटलं नाही तर दोन दिवस जास्त राहायला. झाले १,८५,०००. कमी पडतात १६,२५०, ते मुलाला द्यायला सांगा, परतीचं विमान त्याच्याकडून. बघा, विरोध निम्मा तिथेच मावळेल.

राखीव ३०,००० मध्ये काटकसर करू नका. हॉटेल तळमजल्याचं आणि कमोड असलेलं, फोनवर दोनदा विचारून घ्या. केदारनाथची फेरी फाटा किंवा सिरसी या गावांच्या हेलिपॅडवरून, सकाळची, आणि तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलीयात्रा साइटवरून, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून चुकूनही नाही, तिथे लोक लाखो रुपयांना फसलेत. चारधामची सरकारी नोंदणी सक्तीची आहे, ती मुलीला करायला सांगा. हवा बिघडली तर केदारनाथ सोडून द्यायचं, बद्रीनाथ करून यायचं, हे आत्ताच दोघांनी ठरवा, तिथे गेल्यावर ठरत नाही.

पैसे भरायच्या आधी मात्र काकूंना डॉक्टरकडे न्या, बीपी, ईसीजी आणि "साडेतीन हजार मीटरवर जाऊ का" हा प्रश्न नीट विचारा. डॉक्टर केदारनाथला नाही म्हणाले तर २५,००० वाचले, त्याचे ऋषिकेशला गंगेकाठी चार दिवस जास्त राहा.

इन्शुरन्सचं अजून एक. तुम्ही लिहिलंय ऑगस्टमध्ये तुम्हाला ७० पूर्ण होतात. त्याच आठवड्यात आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ७० वरच्यांना उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे, योजनेतल्या कुठल्याही राज्यातल्या हॉस्पिटलात चालतं. काकूंना ते अजून मिळणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी दोन आठवड्यांची देशांतर्गत ट्रॅव्हल पॉलिसी घ्या, बीपी फॉर्मवर लिहा, लपवू नका, आणि डोंगरातून खाली आणायचा खर्च त्यात आहे का ते लेखी विचारा. वर मोठं हॉस्पिटल नाही, बऱ्याचदा ऋषिकेशच्या एम्सपर्यंत यावं लागतं.

टूरवाल्याला अजून काही दिलं नसेल तर देऊ नका. टोकन दिलं असेल तर पावती आणि कॅन्सलेशनच्या अटींचा कागद, मागची बाजूसुद्धा, फोटो काढून मला पाठवा. किती परत मागता येईल ते वाचून सांगतो.