आईचं वय ६८, स्तनातली गाठ काढली. आता रेडिएशन घ्यावं की नको?

तुम्ही लिहिलंय, गाठ १.४ सेंटीमीटर होती, स्तन ठेवून तेवढीच काढली, काखेत काही सापडलं नाही, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी गाठ), हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) निगेटिव्ह. आणि डॉक्टर म्हणाले, "शेक (रेडिएशन) घेतले तर चांगलंच, नाही घेतले तरी चालेल, तुम्ही ठरवा." हे 'तुम्ही ठरवा' ऐकलं की डोकं भणभणतं. मलाही असंच सांगितलं होतं. माझा रिपोर्टही जवळपास हाच, वय थोडं जास्त. मी रेडिएशन घेतलं. पण माझं कारण तुमच्या आईला लागू पडेलच असं नाही, म्हणून नीट सांगते.

डॉक्टर अंग झटकत नाहीयेत. प्राइम-टू नावाच्या चाचणीत ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या १३२६ बायका होत्या. गाठ ३ सेंटीमीटरपर्यंत, काख आणि कापलेल्या कडा स्वच्छ, सगळ्यांना हार्मोन रोखणारी गोळी. निम्म्यांना रेडिएशन दिलं, निम्म्यांना नाही. दहा वर्षांचा निकाल २०२३ मध्ये आला. रेडिएशन न घेतलेल्यांत शंभरातल्या साडेनऊ जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, घेतलेल्यांत जेमतेम एकीला. मात्र दोन्हीकडे शंभरातल्या साधारण ८१ जणी दहा वर्षांनी हयात होत्या, आणि गेलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्याच कशाने गेल्या. म्हणजे या गटात शेक घेतल्याने आयुष्य वाढल्याचं दिसत नाही. पुन्हा त्याच जागी ऑपरेशन करून घ्यायची पाळी मात्र टळते.

आता मुद्द्याचं. 'नाही घेतलं तरी चालेल' हे गोळीच्या भरवशावर आहे. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल किंवा टॅमॉक्सिफेन, रोज, पाच वर्षं. त्याच चाचणीत गोळी नीट न घेणाऱ्यांत रोग परत येण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. आणि गोळी दिसायला एवढीशी असली तरी लेट्रोझोलने सांधे धरतात, हाडं ठिसूळ होतात. माझी हाडं आधीच डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजतात तो) नापास झालेली, सकाळी मुठीत कपाचा कान धरवत नसे. शिवाय मी बीपीची गोळी दर आठवड्याला एकदा तरी विसरणारी बाई. पाच वर्षं गोळी रेटेन याची मला स्वतःलाच खात्री नव्हती, म्हणून शेक घेतले. तुमची आई गोळ्यांची डबी वारांप्रमाणे भरून ठेवणारी असेल, हाडं बरी असतील, तर न घेण्याचा निर्णयही मला शहाणपणाचाच वाटतो.

'पाच-सहा आठवडे रोज हेलपाटे कोण घालणार' या धास्तीने नाही म्हणणार असाल, तर थांबा. ते जुनं झालं. आता बहुतेक ठिकाणी पंधरा बैठकांत, तीन आठवड्यांत काम होतं. ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीनंतर (२०२०) निवडक रुग्णांना एका आठवड्यात पाच बैठकाही देतात. आईला पाच बैठका चालतील का, हे स्पष्ट विचारा. गावाहून येऊन शहरात राहायचं असेल तर याच एका उत्तरावर निर्णय फिरू शकतो. महात्मा फुले योजनेत बसतं का तेही आधीच बघून घ्या.

प्रत्यक्षात काय होतं? आधी सीटी करून छातीवर खुणा करतात. त्या पुसू नयेत म्हणून तिथे साबण लावायचा नाही. मग रोज हात डोक्यावर घेऊन टेबलावर पडायचं, यंत्र भोवती फिरतं, काही मिनिटांत उठायचं. काही जाणवत नाही. डावा स्तन असेल तर हृदय बाजूला राहावं म्हणून खोल श्वास भरून धरायला लावतात. घरी दोन-चार दिवस सराव केलेला बरा. शेवटी शेवटी कातडी काळवंडते, काखेपाशी चुरचुरते, थकवा येतो. सुती, सैल ब्लाउज शिवून घ्या. केस जात नाहीत (शेजारणी सांगतीलच, ऐकू नका) आणि नातवंडांना जवळ घ्यायला काही हरकत नसते.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: वय कमी असेल, काखेत रोग असेल, कडा स्वच्छ नसतील किंवा ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल, तर वरचे आकडे तुमचे नाहीत. स्तन ठेवून ऑपरेशन झालेल्या सगळ्या वयाच्या १०,८०१ बायकांचा एकत्र हिशेब २०११ मध्ये मांडला गेला. त्यात दहा वर्षांत रोग परतण्याचं प्रमाण रेडिएशनमुळे ३५ टक्क्यांवरून १९ वर आलं होतं, आणि मृत्यूही घटले होते. तिथे सूट मागू नका.

तुमच्या आईच्या रिपोर्टमध्ये ईआरपुढे किती टक्के लिहिलंय ते बघा, नुसतं पॉझिटिव्ह पुरत नाही. ईआर अगदी कमी असेल तर मी शेक घ्या असंच म्हणेन. ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) आणि केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात) चे आकडेही बघा, आणि ते घेऊन रेडिएशनच्या डॉक्टरांना एकदा वेगळं भेटा. सर्जनशी बोलणं झालं म्हणजे त्यांच्याशी झालं असं नाही. आणि त्या भेटीत बोलू आईला द्या.