रोटरी गेली म्हणून लगेच व्ही-८? आधी ते सहा आकडे आणा

तुमचा मेल दोनदा वाचला. ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्याकडे २००५ ची माझदा आरएक्स-८ आहे, सहा गिअरची. थंड असताना सुरू होते, पण गरम झाल्यावर बंद केली की दहा मिनिटं स्टार्टर मारत बसावं लागतं. मेकॅनिक म्हणाला रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर फिरतात ते) संपलं. तुम्ही तीन वाटा काढल्यात : तेच इंजिन रिबिल्ड करायचं, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदलायचे, साधारण अडीच महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे, नाहीतर जीएमचं ट्रकमधून काढलेलं ५.३ लिटरचं एलएस व्ही-८ बसवायचं. नाहीतर होंडाचं चार सिलिंडरचं के-२४. या दोन्ही स्वॅपचा, म्हणजे दुसरं इंजिन बसवण्याचा, तुमचा अंदाज चार महिन्यांच्या घरखर्चाएवढा. इमर्जन्सी फंड सहा महिन्यांचा आहे, गुंतवणूक वगैरे सगळं जाऊन महिन्याला घरखर्चाच्या एक तृतीयांश शिल्लक पडते, रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, घरात दोन लहान मुलं. आणि विचारताय की फंड मोडू का ५ वर्षांचं कर्ज काढू.

दोन्ही नको. आणि व्ही-८ सुद्धा आत्ता नको. का ते नीट सांगते, कारण गाडीवरचं तुमचं प्रेम मेलमधूनच कळतंय आणि ते मी कुठेही चूक म्हणणार नाहीये.

पहिली गोष्ट, इंजिन संपलं हे अजून सिद्ध झालेलं नाही. गरम असताना सुरू न होणं हे कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, गेल्याचं लक्षण आहे हे खरं, पण या गाडीत थकलेला स्टार्टर, उतरलेली बॅटरी आणि मेलेले इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारे) यांनीही तोच त्रास होतो. चार कॉइल असतात, प्रत्येक रोटरला दोन प्लग म्हणून. कॉइल कमजोर झाले की पेट्रोल नीट जळत नाही, ते पुढे एक्झॉस्टमधला धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून तापून चोंदतो आणि मग त्या उष्णतेने रोटरच्या कडांचे, दाब धरून ठेवणारे सील खरंच खराब होतात. म्हणजे स्वस्त पार्ट वेळेवर न बदलल्याने महागडं इंजिन जातं.

तर आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, पण साध्या गेजने नाही. रोटरला तीन बाजू असतात, साधा गेज त्यातला सगळ्यात मोठा आकडाच धरून ठेवतो, त्यामुळे एखादी बाजू पूर्ण मेलेली असली तरी कळत नाही. रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो, तो प्रत्येक बाजूचा आकडा वेगळा दाखवतो, दोन रोटर म्हणजे सहा आकडे. स्टार्टरचा वेग २५० आरपीएम धरून माझदाची किमान मर्यादा ६८० किलोपास्कल आहे, तेव्हा टेस्टच्या वेळी वेग किती होता तेही लिहून घ्या, नाहीतर स्लो स्टार्टरमुळे आकडे कमी यायचे आणि चांगलं इंजिन उतरवलं जायचं. मेकॅनिकने हे सहा आकडे दिले नसतील तर ‘संपलं’ हे त्याचं मत झालं, निदान नाही.

आता समजा आकडे खरंच वाईट आले. मग स्वॅपचं गणित बघू.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, इंजिन स्वॅप म्हणजे अगदी तेच. तुमच्या अंदाजात मला इंजिन दिसलं, गिअरबॉक्स दिसला, माउंट किट दिसलं आणि मजुरी दिसली. पण या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) यांना जोडणारी एक लांब फ्रेम असते, गिअरबॉक्स बदलला की ती जाते, म्हणजे डिफरन्शियलला वेगळा आधार बनवावा लागतो. प्रॉपशाफ्ट, म्हणजे मागे ताकद नेणारा दांडा, नवीन. रेडिएटर मोठा. ऑइल पॅन बदलायचा, एक्झॉस्ट पूर्ण नवीन बनवायचा, क्लच, फ्युएल लाइन. आणि सगळ्यात चिवट भाग इलेक्ट्रॉनिक्सचा, कारण आरएक्स-८ चं पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, ते आणि मीटर कन्सोल मूळ इंजिनच्या ईसीयूकडून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडून, येणाऱ्या सिग्नलवर चालतात, तो ईसीयू काढला की इंजिन मस्त गुरगुरतं पण स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. त्यासाठी वेगळा मॉड्यूल आणि तो बसवणारा जाणकार माणूस लागतो.

के-२४ हलकं आहे, अॅल्युमिनियमचं आहे, मला तरी या गाडीच्या स्वभावाला ते लोखंडी ब्लॉकच्या ट्रक इंजिनापेक्षा जास्त शोभेल असं वाटतं, कारण या गाडीची सगळी मजा तिच्या पुढे-मागे जवळजवळ सारख्या विभागलेल्या वजनात आहे, पुढे जड लोखंड टाकलंत तर वळणावर ती तीच गाडी राहणार नाही. पण के-२४ मुळात पुढची चाकं चालवणाऱ्या गाड्यांसाठी आडवं बसणारं इंजिन, ते उभं बसवायचं म्हणजे अडॅप्टर प्लेट, वेगळा ऑइल पॅन, वेगळा इनटेक. पैसे तिथे मुरतात.

म्हणून स्वॅपच्या कुठल्याही अंदाजाला मी किमान दीडपट धरते. तुमचे चार महिने म्हणजे सहा महिने. म्हणजे तुमचा पूर्ण इमर्जन्सी फंड. दोन लहान मुलं असलेल्या घरात तो शून्यावर आणायचा विचारसुद्धा मी मान्य करणार नाही, गाडी अर्धी उघडून पडलेली असताना नोकरी गेली तर ना पैसे ना गाडी.

कर्जाचं बघू. तुम्हाला १४ टक्क्याने मिळतंय, ५ वर्षांसाठी. १०० घेतले तर जवळजवळ १४० फेडायचे. चार महिन्यांच्या खर्चाएवढं कर्ज म्हणजे साडेपाच महिन्यांच्या खर्चाहून थोडी जास्त परतफेड, आणि हप्ता तुमच्या शिल्लकीतला पाव हिस्सा किंवा थोडा जास्तच खाणार. हप्ता झेपेल, ते मला मान्य आहे. माझी भीती वेगळी आहे. काम मध्येच थांबलं आणि आणखी दोन महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे लागले तर तुम्ही दुसरं कर्ज काढाल, कारण अर्धवट गाडी कोणी विकत घेत नाही.

हे मी जवळून पाहिलंय. माझ्या एका क्लायंटने असाच स्वॅप सुरू केला होता, दुसरी गाडी, दुसरं इंजिन. मी त्यांच्याकडे कागदपत्रं घ्यायला गेले तेव्हा त्यांनी गॅरेजचं दार उघडून दाखवलं. कव्हरखाली गाडी, बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं, आणि जमिनीवर वायरिंगचं जाळं पसरलेलं. प्रत्येक वायरला चिकटपट्टीची चिठ्ठी होती, पण धुळीने गोंद सुकून अर्ध्या चिठ्ठ्या खाली पडल्या होत्या. ते खाली बसून एकेक चिठ्ठी उचलून कुठल्या वायरची असेल ते जुळवत राहिले, मी पंधरा मिनिटं नुसती उभी होते. तिसरं वर्ष होतं ते. हप्ता चालू होता. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि तुमचा मेल वाचताना तीच जमीन डोळ्यासमोर आली.

आणखी दोन गोष्टी लोक शेवटी बघतात त्या आधी बघा. इंजिन बदललं की बहुतेक ठिकाणी नोंदणीत बदल करावा लागतो आणि एमिशनचे नियम लागू होतात, काही ठिकाणी गाडीपेक्षा जुनं इंजिन चालतच नाही, त्यामुळे इंजिनचे पैसे देण्याआधी तुमच्याकडच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. आणि विमा कंपनीला सांगितल्याशिवाय व्ही-८ बसवलंत तर अपघातानंतर क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळेल. सांगितलं तर प्रीमियम वाढू शकतो, तोही दरवर्षीचा खर्च धरा.

मग करायचं काय. माझ्या मते रिबिल्ड, आणि तेही साठवलेल्या पैशातून. महिन्याची सगळी शिल्लक गाडीच्या वेगळ्या खात्यात टाकलीत तर आठ महिन्यांत अडीच महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम जमते, पण मी तुम्हाला वर्षभर साठवायला सांगेन, म्हणजे चार महिन्यांच्या खर्चाएवढे हाताशी राहतील, कारण रोटरी उघडल्यावर हाउसिंगचा आतला क्रोमचा थर उडालेला निघाला किंवा बाजूच्या प्लेट झिजलेल्या निघाल्या तर नुसते नवीन सील टाकून काही होत नाही, त्या प्लेट-हाउसिंगही घ्याव्या लागतात. काम देताना मेकॅनिककडून हेच लिहून घ्या, की उघडल्यावर मोजमाप दाखवून तुमच्या होकाराशिवाय पुढे जायचं नाही, आणि काम झाल्यावर नवीन सहा आकडे द्यायचे.

भंगारातलं जुनं रोटरी इंजिन आणून टाकायचा मोह होईल, स्वस्त असतं. त्याचेही सहा आकडे दाखवत असतील तरच घ्या. या गाडीचं उत्पादन २०१२ लाच थांबलंय, त्यामुळे भंगारातलं प्रत्येक इंजिन आता म्हातारंच आहे आणि तुमच्यासारखाच आजार त्यालाही असू शकतो.

आणि दीड वर्षानंतरही मन स्वॅपकडेच ओढत असेल, फंड जागेवर असेल, खात्यात सहा महिन्यांच्या खर्चाएवढे वेगळे असतील, तर मी अडवणार नाही, मनापासून सांगते. फक्त सुटं इंजिन घेऊ नका, धडकलेली पण चालू इंजिनची अख्खी गाडी घ्या. तिचं वायरिंग, ईसीयू, सेन्सर, पेडल सगळं एकमेकांना जुळणारं मिळतं, विकत घेण्याआधी इंजिन चालताना ऐकता येतं, आणि उरलेले पार्ट विकून थोडे पैसेही परत येतात.

तोवर बॅटरी, कॉइल आणि स्टार्टर तपासून घ्या, ते एका महिन्याच्या शिल्लकीत बसायला हवं. टेस्टचे आकडे आले की स्टार्टरच्या वेगासकट मला पाठवा, आणि कर्जाचा फॉर्म भरून ठेवला असेल तर तो अजून देऊ नका.